वजन कमी करण्यासाठी रोज किती कॅलरी घ्याव्यात? व्यायाम धरून हिशेब

वजन कमी करायचे असेल तर शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्च करते त्यापेक्षा थोडी कमी ऊर्जा खाण्यातून घ्यावी लागते. एवढे आता बहुतेकांना माहीत असते. अडचण पुढे येते. ‘थोडी कमी’ म्हणजे नेमकी किती, आणि सकाळी पाऊण तास चालून आल्यावर त्या बदल्यात किती जास्त खाल्लेले चालते, या दोन प्रश्नांवर हिशेब चुकतो. मोबाइलमधले ॲप एक आकडा देते, मनगटावरचे घड्याळ दुसरा आणि जिममधला ट्रेनर तिसरा. हा हिशेब कागद-पेन घेऊन घरी कसा करायचा, तो कुठे फसतो आणि कोणी तो स्वतःच्या मनाने करू नये, ते या लेखात पाहू.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर आधी औषधांविषयीचा भाग वाचा, मग आकडेमोड करा.

एक खुलासा सुरुवातीलाच. रोजच्या बोलण्यात आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. पाकिटावर ४८० किलोकॅलरी लिहिले असेल तर आपल्या हिशेबात त्या ४८० कॅलरीच. मात्र तो आकडा बहुधा १०० ग्रॅमसाठी असतो, अख्ख्या पुड्यासाठी नाही, हे पाहून घ्या.

आधी शरीराचा रोजचा खर्च काढा

काहीही न करता पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेला बीएमआर म्हणतात. तो काढण्यासाठी सध्या सर्वात जास्त वापरले जाणारे सूत्र मिफ्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडले:

वजन (किलो) × १०, अधिक उंची (सेंमी) × ६.२५, वजा वय × ५. आलेल्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

समजा एक बाई ४२ वर्षांच्या आहेत, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो, काम बँकेत बसून. त्यांचा हिशेब असा: ७४० + ९८७.५ − २१० − १६१ = साधारण १३५६. दिवसभर बसून काम असेल तर याला १.२ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे १६३०. घरची धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक सगळे स्वतः करणाऱ्या स्त्रीने १.३ ने गुणायला हरकत नाही. दिवसभर उभे राहून किंवा ओझी उचलून काम करणाऱ्यांसाठी गुणक आणखी मोठा असतो.

हे सूत्र अमेरिकेतल्या सुमारे ५०० निरोगी लोकांच्या मोजमापावरून तयार झाले आहे. तेवढ्याच वजनाच्या भारतीय माणसात स्नायू बहुधा कमी आणि चरबी जास्त असते, त्यामुळे आपला खरा खर्च थोडा कमी निघण्याची शक्यता असते. म्हणून मी पेशंटना उत्तर खालच्या बाजूला पूर्ण करायला सांगतो. या बाईंसाठी १६०० धरू.

व्यायामाचा आकडा दोनदा मोजू नका

इंटरनेटवरच्या तक्त्यांत ‘हलका व्यायाम १.३७५, मध्यम व्यायाम १.५५’ असे गुणक असतात. त्यांत व्यायाम आधीच धरलेला असतो. लोक १.५५ ने गुणतात आणि वर घड्याळाने दाखवलेल्या ३०० कॅलरीही मिळवतात. म्हणजे एकच व्यायाम दोनदा जमा होतो आणि वजन का उतरत नाही हे कळत नाही. शिवाय आठवड्यातून चारदा चालायला जाणारा माणूस स्वतःला ‘मध्यम’ गटात टाकतो, आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास खुर्चीत, गाडीवर किंवा अंथरुणात जातात हे विसरतो. म्हणून गुणक बसल्या कामाचा घ्यावा आणि व्यायाम वेगळा मोजावा, हे मला जास्त सुरक्षित वाटते.

व्यायामाची मोजणी सोपी आहे. शांत बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना हा खर्च सुमारे साडेतीन पट होतो, रमतगमत चालताना अडीच पट, ताशी ८ किलोमीटरने पळताना आठ पटीच्या आसपास. संथ योगासनांना सुमारे अडीच पट. यातून १ वजा करायचा, कारण चाललो नसतो तरी तेवढा खर्च बसून झालाच असता आणि तो वर मोजून झाला आहे.

आपल्या बाई ताशी ५ किलोमीटरने ४५ मिनिटे चालल्या तर: २.५ × ७४ × ०.७५ = साधारण १४० कॅलरी. आठवड्यातून पाच दिवस चालल्या तर दिवसाची सरासरी १००. हा आकडा पाहून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण खरा आकडा हाच आहे. घड्याळ याच चालण्याला २०० च्या पुढचा आकडा दाखवू शकते, कारण बऱ्याचदा ते बसून होणारा खर्चही त्यात धरते. हृदयाचे ठोके ही घड्याळे बऱ्यापैकी अचूक मोजतात. कॅलरींच्या अंदाजावर मात्र तेवढा भरवसा ठेवू नये.

एका वडापावमध्ये साधारण ३०० कॅलरी असतात, म्हणजे पाऊण तासाच्या दोन फेऱ्या. बागेतून फिरून परतताना कोपऱ्यावर मिसळ खाणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालायचे नाही, पण त्या दिवसाच्या हिशेबात चालणे धरू नये.

मग व्यायाम करायचाच कशाला? खाणे कमी केले की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडते. चालणे आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलणे, उठाबशा, भिंतीला टेकून जोर अशा व्यायामाने स्नायूंची झीज कमी होते. साखर आणि रक्तदाब वजन उतरण्याआधीच सुधारू लागतात. आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा वाटा फार मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते. तेवढा वजन उतरो वा न उतरो, करावाच.

किती कमी करायचे

१६०० अधिक व्यायामाचे १००, असा या बाईंचा रोजचा खर्च १७०० झाला. यातून ४०० वजा केल्यावर खाण्यासाठी १३०० उरतात. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ४०० ची तूट आठवड्याला २८००, म्हणजे आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. ‘एका महिन्यात १० किलो’च्या जाहिरातींपुढे हे फिके वाटेल. पण वजन ५ टक्के उतरले, इथे पावणेचार किलो, तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक दिसू लागतो.

‘रोज ५०० कमी करा’ हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. उंच, वजनदार पुरुषाला तो चालतो. ६२ वर्षांच्या, १५० सेंमी उंचीच्या, ६२ किलो वजनाच्या आजींना लावून पाहा. सूत्राने बीएमआर येतो १०८७ च्या आसपास, बसून राहिल्यास दिवसाचा खर्च सुमारे १३००. त्यातून ५०० काढले तर ८०० कॅलरी उरतात. एवढ्यात प्रथिने, कॅल्शियम, लोह काहीच पुरेसे बसत नाही. या वयात स्नायू गेले की तोल जातो, पडणे होते, हाड मोडते. अशा आजींनी खाणे १०० ते १५० कॅलरींनीच कमी करावे, चालणे वाढवावे आणि महिन्याला अर्धा किलो उतरला तरी समाधान मानावे. त्यांच्याच वयाच्या, १६८ सेंमी उंच आणि ७८ किलोच्या आजोबांचा बसून खर्च १८०० च्या पुढे जातो. एकाच घरात, एकाच पातेल्यातले जेवून दोघांचे वजन वेगवेगळे वागते ते यामुळे. त्यात कोणाची इच्छाशक्ती कमी पडते असे नाही.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात मधुमेही रुग्णांना काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरी दिल्या गेल्या आणि वर्षाअखेर जवळपास निम्म्या लोकांची साखर औषधांशिवाय आटोक्यात होती. हा अभ्यास व्हॉट्सॲपवर बराच फिरतो. त्यातल्या रुग्णांना सर्व पोषक घटक असलेला खास आहार दिला होता, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या, हे पुढे पाठवताना गळून जाते.

१३०० कॅलरी ताटात कशा दिसतात

सकाळी ४० ग्रॅम पोह्यांचे पोहे, एक चहाचा चमचा तेल आणि मूठभर नव्हे तर चमचाभर शेंगदाणे घालून: २४०. दिवसभरात दोन कप चहा, गाईचे दूध आणि कपाला एक चमचा साखर: १००. दुपारी दोन पातळ पोळ्या, भाजी, वाटीभर उसळ किंवा वरण, काकडीची कोशिंबीर आणि ताक: सुमारे ४९०. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ११०. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि एक उकडलेले अंडे: ३४५. बेरीज १२८५.

यात भूक भागते, पण प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपासच भरतात. या उंचीच्या बाईंना ५५ ते ६० ग्रॅम हवीत. पोह्यांऐवजी मुगाची दोन धिरडी, रात्री एकाऐवजी दोन अंडी, किंवा शाकाहारी असाल तर दह्याची मोठी वाटी, पनीरचे चार तुकडे, सोयाबीनची भाजी असे बदल करता येतात. मांसाहार करणाऱ्यांना मासे आणि चिकन सोपे पडतात, रस्सा तेलात तरंगत नसेल तर. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी विचारावे.

आता काही गैरसमज. भाकरी पोळीपेक्षा हलकी असते असे समजून लोक दोन-दोन भाकऱ्या खातात. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे जवळपास सारख्याच, ३३० ते ३५० कॅलरी असतात. एका पातळ पोळीला २५ ते ३० ग्रॅम पीठ लागते, भाकरीला ५० ते ६०. म्हणजे कॅलरीच्या हिशेबात एक भाकरी दोन पोळ्यांना भारी. भाकरीचे फायदे वेगळे आहेत: तेल लागत नाही, आणि एकीत पोट भरते. घडीच्या पोळीत घडीला लावलेले तेल आणि वरून तूप धरले तर एक पोळी सहज १३० पर्यंत जाते.

उपवासाचे तेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप. साबुदाणा खिचडीची एक भरलेली बशी ४५० ते ५०० कॅलरींची असते. एकादशीला दोन वेळा खिचडी आणि मधे वेफर्स घेतले तर तो दिवस आठवड्यातला सर्वात जास्त कॅलरींचा ठरू शकतो.

पण सगळ्यात मोठी गळती तेलाची, आणि ती कोणीच मोजत नाही. भाजीतले तेल मोजायला लागू नका, महिन्याचे मोजा. एक लिटर तेलात सुमारे ८२०० कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोज २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. तेच दोन लिटरवर आणले तर माणशी रोज सुमारे १३५ वाचतात. आपल्या बाईंच्या पाऊण तासाच्या चालण्याएवढे, तेही रोज, आणि घरातल्या सगळ्यांचे. किराणा भरतानाच तेल कमी आणा. फोडणीत हात आखडण्यापेक्षा ते जमते.

लिहून ठेवा, आणि चार आठवड्यांनी सुधारा

‘डॉक्टर, मी काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९२ साली असे म्हणणाऱ्या काही लोकांचा अभ्यास छापून आला. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. मात्र ते आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होते. ते मुद्दाम खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. स्वयंपाक करताना चाखलेली भाजी, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, देवळातला प्रसाद या गोष्टी लक्षातच राहत नाहीत.

म्हणून निदान दोन आठवडे खाल्लेले लगेच लिहा. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा उपयोगी पडतो. प्रत्येक पोळी मोजायची गरज नाही. कणीक मळताना पीठ एकदा मोजा आणि पोळ्यांच्या संख्येने भागा. तुमच्या घरची वाटी किती मापाची आहे तेही एकदा पाहा. कॅलरीच्या तक्त्यातली ‘एक वाटी’ आणि आपल्या घरची वाटी यांत बराच फरक निघतो.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करावे. रोज केलेत तर आठवड्याची सरासरी काढा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर ते मुख्यतः पाणी असते. उलट, पाळीच्या आधी, खारट जेवणानंतर किंवा नवा व्यायाम सुरू केल्यावर किलोभर वाढही दिसते. तीही पाण्याचीच. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे चार आठवडे पाहा. जोडीला बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वरची कंबर धोक्याची समजतात.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि काट्याचे ऐका. चार आठवड्यांत दीड किलोऐवजी ७०० ग्रॅमच उतरले, तर सुमारे ८०० ग्रॅमचा फरक आहे, म्हणजे दिवसाला २०० च्या आसपास कॅलरी. एकतर नोंदीपेक्षा तेवढे जास्त खाल्ले गेले किंवा शरीराचा खर्च सूत्रापेक्षा कमी आहे. कोणते खरे ते घरी सांगता येत नाही. या बाईंनी १३०० वरून ११०० वर येऊ नये. आधी तेल, चहाची साखर आणि नोंदीतल्या सुटलेल्या गोष्टी तपासाव्यात, मग चालणे १५ मिनिटांनी वाढवावे.

तीन-चार महिन्यांनी वजन अडते, तेव्हा बरेच जण सोडून देतात. ७४ चे ६८ किलो झाले की शरीर लहान झालेले असते. त्याचा रोजचा खर्च ७० ते १०० कॅलरींनी कमी होतो आणि तेवढेच चालणेही कमी कॅलरी घेते. दर पाच किलोला हिशेब नव्याने मांडावा.

दिवसातून दोनदाच जेवण्याविषयीही विचारणा होते. काहींना ते झेपते आणि आपोआप खाणे कमी होते. ज्यांचे दोन जेवणांत मिळून पूर्वीइतकेच जाते त्यांचे वजन उतरत नाही. पण मधुमेहाच्या पेशंटने ते परस्पर सुरू करू नये, आणि त्याचे कारण पुढे आहे.

औषधे चालू असतील तर

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही किती खाल्ले हे पाहत नाहीत, साखर उतरवतातच. खाणे ४०० कॅलरींनी कमी केले, सकाळी उपाशीपोटी चालायला गेलात आणि गोळीचा डोस तोच राहिला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे वागणे ही तिची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी साखर तपासावी, तरीही कमी असेल तर पुन्हा घ्यावी, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइड बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ असे समजणाऱ्यांनी पाकिटावरची नावे नीट वाचावीत.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेत असताना पोळी-भात पूर्ण बंद करणे किंवा लांबलचक उपवास करणे धोक्याचे आहे. रक्तात आम्ल वाढून उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू होते, आणि अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसल्याने निदानाला उशीर होतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत, वजन उतरल्यावर उभे राहताना चक्कर येऊ लागली तर डोस पाहून घ्यावा. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटलात तर डोस आधीच कमी करता येतो.

कोणी हा हिशेब करू नये

गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, पूर्वी खाण्याचे मानसिक आजार झालेले लोक, मूत्रपिंड किंवा यकृताचा गंभीर आजार असणारे आणि टीबी किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी कॅलरी कमी करणे डॉक्टरांवर सोपवावे. बीएमआय २३ च्या खाली असेल आणि कंबर मर्यादेत असेल तर वजन उतरवायची गरजच नाही. थायरॉइड कमी असणाऱ्यांनी औषध वेळेवर घेऊन हाच हिशेब करावा. थायरॉइडमुळे वाढलेले वजन बहुधा काही किलोंचेच असते आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो.

वजन आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने उतरत राहिले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागणे, पाळी चुकणे, सतत थंडी वाजणे ही खाणे फार कमी झाल्याची लक्षणे आहेत. आणि काही न ठरवता, पूर्वीसारखेच खाऊन कपडे सैल होऊ लागले असतील, सोबत खूप तहान, वारंवार लघवी, संध्याकाळचा ताप, रेंगाळलेला खोकला किंवा छातीत धडधड असेल, तर कागद-पेन ठेवून साखर, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे यांसाठी डॉक्टरांकडे जा.